तोच निळा शर्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. वर 'स. न. वि. वि.' लिहिणार होतो, पण मग कुठल्यातरी ऑफिसचं पत्र समजून तू ते न वाचताच बाजूला टाकलं असतंस.

परवा फोटो पाहून तू लिहिलंस, "गेल्या तीन फोटोंत तोच निळा शर्ट! वहिनी दुसरा घेऊ देत नाहीत का?" तेव्हा मी नुसता हसरा चेहरा पाठवून मोकळा झालो, कारण एका हातात बाबांची काठी होती. आता बाबा झोपलेत, लेक अभ्यासाच्या नावाखाली झोपलीय, तेव्हा सविस्तर उत्तर देतो. तो शर्ट एक नाही, पाच आहेत. एका रंगाचे, एका मापाचे, एकाच दिवशी घेतलेले.

हो, मीच घेतले. मोजे शर्टाशी जुळत नाहीत म्हणून पहिलं लेक्चर बुडवणारा तो मीच.

बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन आठ महिने झाले. उजवी बाजू गेली होती. पाय बराच परत आला, हात अजून रुसलेला आहे. त्यात हिची बदली झाली. शनिवारी येते, रविवारी रात्री निघते. लेकीची परीक्षा. हे रडगाणं फोनवर ऐकवून झालंय, पुन्हा लावत नाही. कपड्यांचं मात्र बोललो नव्हतो. घरात माणूस आजारी असताना शर्टांच्या गप्पा मारायच्या म्हणजे आपल्यालाच कसंतरी वाटतं.

सुरुवातीला मी नेहमीच्याच कपड्यांत बाबांना उठवायचो, बसवायचो. पहिल्याच आठवड्यात पट्ट्याचं बक्कल त्यांच्या बरगडीत रुतलं. बोलता येत नव्हतं, त्यामुळे मला कळलंच नाही. संध्याकाळी अंग पुसताना चौकोनी लाल वळ दिसला. त्या दिवसापासून पट्टा सुटला. मग घड्याळ सुटलं, कारण त्याच्या कडेनं त्यांच्या दंडावर ओरखडा उठला. या वयात कातडी किती पातळ होते रे, जुन्या धोतरासारखी. मग छातीवर खिसा असलेले शर्ट गेले; वाकलो की पेन, चष्मा, फोन, एकेक वस्तू बाबांच्या अंगावर. लांब बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या, त्याही गेल्या. असं होता होता अख्खं कपाट बाद झालं. दोन टी-शर्ट नि एक पायजमा उरला. तेच आलटूनपालटून घालून मी व्हिडिओवर मीटिंगला बसायला लागलो, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" म्हणजे काहीतरी घेणं भाग होतं.

पहिली खरेदी फसली. 'इस्त्री लागत नाही' अशी चिठ्ठी लावलेले सुती शर्ट घेतले. इस्त्रीला वेळ कुणाला होता? नंतर वाचून कळलं, त्या कापडाला एक रसायन पाजतात. सुताच्या आतल्या सेल्युलोजच्या साखळ्या ते एकमेकींना बांधून टाकतं, म्हणून चुणी पडली तरी कापड पुन्हा सपाट होतं. पण बांधलेल्या धाग्याला ताण सहन होत नाही, तो लवकर झिजतो. माझे शर्ट रोजच्या धुण्यात दोन महिन्यांत कॉलरच्या घडीवर विरले. घडी मात्र शेवटपर्यंत झकास होती.

मग हे निळे आले. फोटोत नीट दिसत नाही, पण ते मागावरचं कापड नाही, होजिअरीचं आहे. मागावर धागे उभे-आडवे ताठ बसलेले असतात. यात फासात फास अडकवलेला असतो, म्हणून हात डोक्यावर नेला तरी काखेत ओढ बसत नाही. धुवायचा, झटकायचा, वाळत घालायचा. कॉलर आहे, त्यामुळे साहेबही समाधानी. आणि निळाच का, तर राखाडीवर पाण्याचा एक थेंब पडला तरी तो सगळ्या जगाला दिसतो. गडद निळ्यावर आंघोळीचं पाणी, घाम, औषध, सगळं गुपचूप जिरून जातं. पाचही सारखे का, याचं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. सकाळी साडेपाचला कपाट उघडल्यावर मला काहीही ठरवायचं नसतं. दिवसभर गोळ्या, डॉक्टर, लेक, रजा, ठरवतच असतो. कपाटानं तरी मला काही विचारू नये, एवढंच वाटतं.

पँटीही तीन घेतल्या, कमरेला इलॅस्टिक नि आतून नाडी, मांडीवर खोल खिसे. कापडात दोन टक्के इलास्टेन, रबरासारखा ताणला जाणारा धागा, म्हणजे उकिडवं बसलो तरी गुडघ्यात अडकत नाही. पहिल्या दोन मी स्वतःच्या हातानं मारल्या. आजारपण आलं की माणसाला जंतूंचं वेड लागतं. मी सगळं कढत पाण्यात, वर ब्लीच घालून धुवत सुटलो होतो. उष्णता नि क्लोरीन हे दोन्ही इलास्टेनचे वैरी. महिन्याभरात पँटीच्या गुडघ्यांना दोन पिशव्या लटकायला लागल्या. आता ब्लीच फक्त पांढऱ्या चादरींना.

धुण्यात मी एकंदरीत तयार झालोय, काय सांगू. रक्ताचा डाग असेल तर गार पाणी. गरम घातलंस की तो कायमचा बसतो. बाबा एकदा पडले, गुडघा सोलवटला, तेव्हा जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन सगळ्या पँटभर झालं. त्या तपकिरी डागावर 'क' जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून ओतली, तर डाग डोळ्यांदेखत नाहीसा. लेक अभ्यास सोडून बघायला आली, आणि तिनंच मला समजावलं की आयोडीनचं आयोडाइड झालं, त्याला रंग नसतो. पोरगी अगदीच झोपा काढत नाही म्हणायची.

बुटांचं थोडक्यात. नाडीचे बूट घालणं बंद. पायात सरकवायचे घेतले, पण टाच कडक असलेले, चेपून चपला होणारे नव्हे. संध्याकाळी घ्यायला गेलो, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजतात नि सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो.

आता कबुलीजबाब. इतक्या शहाणपणाच्या खरेदीत एक वेडेपणाही केलाय. एका रात्री दोन वाजता, बाबांना कूस बदलून देऊन झाल्यावर झोप येईना म्हणून फोन घेतला आणि लिननचं जॅकेट मागवलं. मोतिया रंगाचं! माझ्या आत्ताच्या आयुष्यात मोतिया रंगाला जागा कुठाय? लिननचा धागा भक्कम, पण त्याला लवचीकता नाही. बसून उठलास की पाठीवर नकाशा. आलं तेव्हा परत पाठवायचं म्हणून खोकं तसंच ठेवलं. मग तपासणीच्या दिवशी, कोण जाणे काय झालं, घातलं. निळ्या शर्टावरच. बाबा चाकांच्या खुर्चीत तयार बसले होते. त्यांनी मला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं, जीभ जुळवायला थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "कोणाचं... लग्न?"

मी इतका हसलो की ब्रेक न लावताच खुर्ची सोडली. जॅकेट परत पाठवलं नाही.

पण खरी गंमत बाबांच्याच कपड्यांची. तुला आठवतंच, माणूस कायम परीटघडीतला. निवृत्तीनंतरही घरात शर्ट खोचून बसणारा. मला इस्त्री त्यांनीच शिकवली : आधी कॉलर, मग खांद्याची पट्टी, कफ, बाह्या आणि अंग सगळ्यात शेवटी. आणि आता त्याच माणसाला मी शर्ट चढवतो. त्याचा नियम फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी पाठ करून घेतला होता. घालताना दुबळा हात आधी, काढताना तो शेवटी. उलटं केलंस की तो हात पिरगळला जातो. समोर उभं राहून बटणं लावायला गेलो तर बोटंच गोंधळायची. आयुष्यभर स्वतःची लावलेली, समोरच्याची उलटी पडतात. शेवटी मी त्यांच्या मागे उभा राहून, खांद्यावरून हात घालून लावायला लागलो. तसं जमलं.

वेळ फार जायचा. म्हणून मी, माझ्या मते, फार हुशारी केली. त्यांचे चार शर्ट शिंप्याकडे नेले, काजं बुजवून त्यांच्यावर बटणं टाचून घेतली आणि आतून वेल्क्रो लावून घेतलं. बाहेरून बघणाऱ्याला शर्टच. हे वेल्क्रो स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या इंजिनिअरला सुचलं, त्याच्या कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली काटेरी बोंडं बघून. हे मी शिंप्याला सांगितलं. त्याला त्यात काडीचाही रस नव्हता.

पहिल्या दिवशी शर्ट चढवला, पाच सेकंदांत बंद. मी खूश. रात्री काढताना 'चर्र' असा आवाज झाला. बाबांनी खाली पाहिलं, डाव्या हातानं एक बटण ओढून बघितलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पाकिटातून पैसे काढताना सापडलो असतो तरी त्यांनी तसं पाहिलं नसतं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी हात उचलेचनात.

मी बाईंकडे तक्रार केली की बाबा ऐकत नाहीत. त्या म्हणाल्या, "बटण हवंय ना त्यांना? मग बटणच द्या. एकच द्या, मोठं द्या." बरं, ते वरचं द्यायचं नाही, ते दिसत नाही. खालून दुसरं द्यायचं, मांडीवर नजर गेली की समोर येतं ते. पहिल्या दिवशी त्या एका बटणाला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसलो होतो, आणि मदतीला हात पुढे जाऊ नये म्हणून तो मांडीखाली दाबून धरला होता. माझ्या पँटीच्या इलॅस्टिकचं, पाच एकसारख्या शर्टांचं, सकाळी वाचवलेल्या त्या दोन मिनिटांचं मला जरा हसूच आलं. मी डोकं चालवावं लागू नये असे कपडे घेत सुटलो होतो, आणि हा माणूस एका काजासाठी घामाघूम होत होता.

आता तीन बटणं लावतात. डाव्या हातानं लावतात, उजवा नुसता कापड दाबून धरतो, तेही कधी मनात आलं तर. वेल्क्रो पायजम्याला ठेवलंय, तिथे त्यांची हरकत नाही. शर्टांना मात्र मोठी बटणं हवीत, आणि शर्टांची म्हणून मिळतात ती सगळी छोटी नि गुळगुळीत.

म्हणून काम आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तू माझा तो चौकड्यांचा जाड शर्ट नेलास, 'दोन दिवसांत देतो' म्हणून. मोठमोठी लाकडी बटणं होती त्याला. फेकला नसशील, तू काही फेकत नाहीस. आता तुला तो होत नसणार, पोटाचं मला सांगू नकोस. येशील तेव्हा घेऊन ये. धुऊन आण, पण गार पाण्यात. बाबांना बरोबर बसेल. तेव्हा तुला बोललो नव्हतो, पण तो त्यांचाच होता, मी त्यांच्या कपाटातून ढापला होता.

तुझाच,
निळा शर्टवाला