भिंतीजवळचे दोन स्ट्रोक

मनू,

परवा पोहण्याच्या मीटवरून येताना तू गाडीत एक शब्द बोलली नाहीस आणि मीही मुद्दाम काही विचारलं नाही, म्हणून आता लिहितेय. ०.११ सेकंदाने फायनल हुकली. तू म्हणालीस नशीब. मला नाही गं तसं वाटत, कारण मी रोज वर गॅलरीत बसून तुला बघते.

सेटच्या शेवटच्या दोन-तीन राउंडना भिंत जवळ आली की तू मान वर काढून श्वास घेतेस, मग हात लांब करून नुसती सरकत येतेस. दमलेली असतेस, मला कळतं ते. पण परवा शेवटच्या पाच मीटरला तुझ्या अंगाने अगदी तेच केलं, त्याला तेवढंच पाठ आहे ना.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची १०० मीटर बटरफ्लाय परत लावून बघ, पण या वेळी फक्त हात बघ. अमेरिकेचा मायकेल फेल्प्स ५० मीटरच्या टर्नला सातवा होता, सातवा! शेवटी सर्बियाचा चाविच पुढे होता, तो हात लांब करून सरकत भिंतीकडे आला आणि फेल्प्सने तेवढ्यात अजून एक छोटा, अर्धाच स्ट्रोक मारला. ५०.५८ आणि ५०.५९. आता तो अर्धा स्ट्रोक तिथे विचार करून मारता येतो का? हाताला सवयच तशी होती.

त्याच आठवड्यात २०० बटरफ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी तर भिंतसुद्धा दिसेना. त्याने स्ट्रोक मोजले आणि टच केला, १:५२.०३, वर्ल्ड रेकॉर्ड. त्याचे कोच बोमन त्याला लहानपणापासून रोज झोपताना आणि उठल्यावर अख्खी रेस मनात बघायला लावायचे, काही बिघडलं तर काय करायचं तेसुद्धा. म्हणून तो घाबरला नाही. तुला प्रत्येक लॅपचे तुझे स्ट्रोक माहितीयेत का? मी मोजलेत, ताजी असताना १९, दमल्यावर २३.

आणि अमेरिकेची स्विमर लेडेकी बघ, २०१२ ला लंडनमध्ये ८०० फ्रीस्टाईलचं गोल्ड घेतलं तेव्हा १५ वर्षांची होती, मग रिओ, टोकियो आणि २०२४ ला पॅरिसमध्येसुद्धा तेच गोल्ड. बारा वर्षं तीच एक रेस गं. किती हजार कंटाळवाण्या सकाळी गेल्या असतील त्यात, तुझ्या मंगळवारसारख्या, जेव्हा तुला उठावंसंच वाटत नाही.

मला तुझं टायमिंग नकोय, खरंच. जिंकलीस तर आनंदच आहे पण परवा तुझा चेहरा बघून माझ्या पोटात कालवलं ते हरल्यामुळे नाही, तू आधीच हात टेकल्यासारखी दिसलीस म्हणून.

एकच कर. भिंतीच्या आधी पाण्यावर टांगलेले झेंडे गेले की मान खाली, श्वास नाही, भिंतीपर्यंत पूर्ण स्ट्रोक. शेवटच्या राउंडलासुद्धा, सर बघत नसतील तेव्हासुद्धा.

उद्या पाचला गाडी काढते. बॅगेत जुना गॉगलपण टाकलाय. मी नेहमीच्या जागी असेन, शेवटच्या राउंडला तुझी मान बघायला.

आई