शिबिरात भाषणे नकोत, सराव हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वंचित घरांतील विद्यार्थ्यांसाठी जीवनकौशल्य व आरोग्याची शिबिरे भरतात, त्यामागची तळमळ खरी असते. पण दोनशे मुलांसमोर एका माणसाने दिवसभर बोलायचे, ही पद्धत आता सोडावी असे आम्हाला मनापासून वाटते. पंचवीस मुलांचा गट आणि विषय मोजकेच, पण प्रत्येक गोष्ट प्रत्येकाच्या हातून झालीच पाहिजे.

जलसंजीवनीच घ्या, म्हणजे जुलाब झाल्यावर पाजायचे मीठ-साखरेचे पाणी. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. हे प्रमाण मुलांना तोंडपाठ असते, चूक होते ती हाताने. चमचा शिगोशीग भरला जातो किंवा पाणी अंदाजाने ओतले जाते. मीठ जास्त झाले तर लहान बाळाला झटके येऊ शकतात. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून तो सपाट करायला शिकवावे, शेवटी चव घ्यायला लावावी. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यायचे. तयार पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेले पाणी मोजूनच घ्यायचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट पाजायचे, आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकायचे.

हिमोग्लोबिनच्या तपासणीत तर घाई फार नडते. रक्त येत नाही म्हणून बोट पिळले की पेशींभोवतालचे पाणी त्यात मिसळते आणि आकडा खोटाच कमी येतो. हात आधी कोमट करावा, पहिला थेंब पुसून टाकावा. बारा वर्षांपुढच्या मुलीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय; पण हा आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवणे अक्षम्य आहे. तो तिला एकटीला, बंद चिठ्ठीत द्यावा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या की शौचाचा रंग काळा होईल, हे आधीच सांगून ठेवावे. हे न सांगितल्यामुळे घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या मुली पुष्कळ. चहाबरोबर गोळी घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, तेही सांगावे.

प्रश्नपेटी सगळेच ठेवतात, पण ती रिकामी राहते. कारण चिठ्ठी टाकायला उठणारी मुलगी सर्वांना दिसते. सारखे कागद, सारख्या पेन्सिली द्या आणि प्रत्येकाकडून चिठ्ठी घ्या, कोरी असली तरी चालेल. मग पाळी, व्यसन, नकोसा स्पर्श यांवरचे खरे प्रश्न येतात.

नकार देण्याचा सराव जोडीने करून घ्यावा. एकाने तंबाखू पुढे करायची, तीनदा आग्रह करायचा; दुसऱ्याने कारणे न देता ‘नाही, मला नको’ म्हणत तिथून निघायचे. कारण दिले की समोरचा ते खोडून काढतो, हे मुलांना खेळतानाच उमगते.

रक्तक्षय भरून यायला काही महिने लागतात आणि आकडा सुधारल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. तेव्हा फेरतपासणीची तारीख शिबिराच्या पत्रिकेवरच छापावी आणि खर्चातला तेवढा वाटा आधीच बाजूला काढावा. ते जमणार नसेल तर बोटाला सुई टोचूच नये.

– किशोरवयीन शिबिरांतील प्रशिक्षक