फाइल 'करप्ट' नसते, फॉन्ट गेलेला असतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तेव्हापासून वाचनालयांत, पतसंस्थांत, शाळांच्या कार्यालयांत विंडोज ११ टाकून घेण्याची घाई चालली आहे. या घाईत मराठीतले जुने दस्तऐवज कायमचे हातचे जाऊ शकतात. आमचे थोडक्यात वाचले, म्हणून हे पत्र.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमची दाखल नोंदवही, सभासदांची यादी, कार्यकारिणीची इतिवृत्ते २००४ पासून संगणकावर आहेत. डिसेंबरात नवी विंडोज टाकून घेतली. दुसऱ्या दिवशी सभासदांची यादी उघडली, तर त्यात एकही मराठी अक्षर नाही. नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण, मध्येच उद्गारचिन्ह. एकवीस वर्षांच्या नोंदी गेल्या या विचाराने मला घाम फुटला. दुरुस्तीवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "फाइली करप्ट झाल्यात मॅडम. फॉरमॅट मारून देतो, सगळं क्लीन होईल."

सगळं क्लीन झालंच असतं. त्या दिवशी आमच्याकडे अभ्यासाला येणारी, संगणकशास्त्र शिकणारी एक मुलगी समोर बसली होती. तिने एवढंच विचारलं, "काकू, या फाइली कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या?" आणि उलगडा झाला.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. तिथे इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात. फॉन्ट त्या क्रमांकांवर 'क', काना, वेलांटी अशी चित्रं चढवतो. फॉन्ट नसला की ही चित्रं उतरतात आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर जागचा हललेलाही नसतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत हे होत नाही, कारण तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. फॉन्ट कुठलाही असो, 'क' हा 'क'च राहतो.

आता फॉन्ट आणायचा कुठून? तो ज्या सीडीतून आला, ती कधीच हरवली होती. पण नवी विंडोज टाकताना डिस्क पुसली नव्हती, हे आमचं नशीब. अशा वेळी जुनी विंडोज सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. त्यात 'विंडोज', त्यात 'फॉन्ट्स', आणि तिथे आमचा फॉन्ट जसाच्या तसा होता. मात्र हा फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो. आम्ही सातव्या दिवशी पोचलो. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडावं. नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर तो त्या एकाच वापरकर्त्यापुरता बसतो आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना दिसत नाही. यात आमचा एक दिवस वाया गेला.

वार्षिक अहवालांचं दुखणं वेगळं होतं. ते युनिकोडमध्ये, सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेल्या 'मंगल' फॉन्टमध्ये होते. वाचता येत होते, पण ओळी सरकल्या होत्या, तक्ते तुटले होते. विंडोज १० पासून मंगल ऐच्छिक झाला आहे. हिंदी-मराठी भाषा जोडलेली नसेल तर तो बसत नाही आणि त्याच्या जागी 'निर्मला' हा दुसरा फॉन्ट येतो. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घेतले की पानं पूर्ववत होतात. पाच मिनिटांचं काम.

आणखी एक गोष्ट संस्थांच्या चिटणीसांनी आजच पाहावी. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळ संगणकांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी चावी त्या खात्यात जमा होते. आमच्या संगणकावर खातं दुरुस्तीवाल्यांचं होतं! त्यांनी ते आपल्या सोयीसाठी टाकलं असेल, पण उद्या संगणकाने चावी मागितली असती तर आम्ही कुणाच्या दारात उभे राहिलो असतो? खातं संस्थेचंच हवं आणि चावी कागदावर लिहून कपाटात हवी.

ज्यांचा संगणक अजून विंडोज १० वर आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. नोंदणी केल्यास घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळतात. तेवढ्या काळात 'फॉन्ट्स' फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. फाइलींची प्रत तर घ्यालच, पण फॉन्टची प्रत घ्यायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

हे सगळं मी आमच्या वाचनालयात सांगत होते तेव्हा एक सभासद भगिनी उठून घरी गेल्या आणि एक सीडी घेऊन आल्या. वडिलांनी २००३ मध्ये टाइप करून घेतलेलं आत्मकथन. तीन दुकानांतून 'करप्ट' म्हणून परत आलेलं. आमच्याच फॉन्टमध्ये निघालं. पहिली ओळ पडद्यावर उमटली तेव्हा त्यांना बोलवेना.

आपल्या दैनिकाने या विषयावर आठवड्याला एक छोटी चौकट द्यावी, अशी विनंती आहे. आम्ही सध्या जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणतो आहोत. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर रफार चुकवतं, 'ऱ्ह' आणि 'ज्ञ' मोडतं, म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. २००४ ते २००९ पर्यंतच्या नोंदी झाल्या आहेत.

आपली,
एक ग्रंथपाल,
जि. सातारा