उंदीर मेला नव्हता, झोपला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की वाचकांच्या पत्रांत वीजबचतीचे सल्ले येतात आणि ते मी मनापासून पाळते. हे पत्र मात्र एका बिनकामाच्या बचतीबद्दल आहे.

गेली एकवीस वर्षं मी सांगलीत घरीच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कधी एखादं दिवाळी अंकाचं काम. मागच्या लग्नसराईत माझ्या कॉम्प्युटरचा वायरलेस माउस दगा देऊ लागला. पत्रिकेचं प्रूफ पाहायला मुलीचे काका शेजारच्या खुर्चीत बसलेले असत. चष्मा पुसून, बोट ठेवून एकेक नाव वाचत. दहा मिनिटांनी म्हणत, "मामांचं नाव जरा वर घ्या, नाहीतर रुसतील." मी माउसला हात लावावा, तर बाण जागचा हलत नाही! आपटून बघा, सेल काढून परत घाला. शेवटी कॉम्प्युटरच्या मागे खोचलेला डोंगल, म्हणजे माउसचे संदेश पकडणारा तो चिमुकला तुकडा, उपसून पुन्हा खोचला की गाडी सुरू. एक काका म्हणालेसुद्धा, "ताई, तुमचा उंदीर मेला वाटतं."

दुकानात नेला, तर तिथल्या मुलाने त्यांच्या मशीनला लावून पाच मिनिटं गरागरा फिरवला. उत्तम चालला. मग आधी सेल बदलायला सांगितले, नंतर "मॅडम, हे असले माउस वर्षभरच टिकतात" म्हणून नवा दिला. आठवड्यात नव्याचंही तेच रडगाणं. दुसऱ्या दुकानातून तिसरा आणला. दोन माउस ड्रॉवरमध्ये पडले आणि मी पत्रिकेतल्या मामांपेक्षा जास्त रुसले.

गणपतीला भाचा आला होता. पॉलिटेक्निकला आहे. त्याने काय करावं? काहीच नाही. "मावशी, हात लावू नकोस, चहा घे," म्हणाला आणि घड्याळ बघत बसला. थोड्या वेळाने हात लावला, बाण मेलेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: काम जोरात चालू असताना हा माउस एकदाही बंद पडलेला नव्हता. प्रूफ वाचताना, फोनवर बोलताना, हात बाजूला असतानाच पडायचा. दुकानात सतत फिरवत ठेवलेल्या माउसमध्ये हा दोष दिसणार तरी कसा?

विंडोजमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' नावाची सोय असते आणि ती सहसा आधीपासून चालूच असते. यूएसबीला लावलेली वस्तू काही करत नाहीये असं दिसलं, की कॉम्प्युटर तिला झोपवतो. माउस हलला की डोंगलने कॉम्प्युटरला जागं करायचं, असा शिरस्ता. काही डोंगलना हे नीट जमत नाही, ते झोपले की झोपलेच. लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल तर या काटकसरीला अर्थ आहे. माझा डेस्कटॉप तर भिंतीतल्या प्लगवर चालतो. यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे जास्तीत जास्त अडीच वॉट मिळतात. डोंगलला त्यातले थोडेच लागतात, पण सगळे अडीच धरले आणि दिवसाला दहा तास काम धरलं, तरी एक युनिट जळायला चाळीस दिवस लागतील. माझी जुनी चाळीस वॉटची ट्यूब तेवढं पंचवीस तासांत जाळते. यासाठी मी दोन माउस विकत घेतले.

भाच्याने दोन ठिकाणी बदल केला. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, निवडलेल्या प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड 'डिसेबल्ड' केलं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिकमार्क काढली. चहा गार व्हायच्या आत झालं. मध्यंतरी एका मोठ्या अपडेटनंतर त्यातली एक टिक परत आली होती, ती मीच काढली.

सगळ्यांचा रोग हाच असेल असं नाही. हात माउसवर असतानाच बाण अडखळत असेल, तर शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टला हार्ड डिस्क लावली आहे का ते पाहावं. तिथला विद्युत गोंगाट माउसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो, यावर इंटेलने २०१२ मध्येच टिपण काढलं आहे. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही. डोंगल लांब, पुढच्या पोर्टला लावावा.

माझं म्हणणं कॉम्प्युटर जोडून देणाऱ्यांना आणि दुरुस्त करणाऱ्यांना आहे. डेस्कटॉप गिऱ्हाइकाच्या घरी लावताना तुम्ही प्रिंटर जोडून देता, मराठी टायपिंग सुरू करून देता. त्यातच ही दोन सेटिंग्ज बंद करा. आणि माउस घेऊन कोणी आलं, तर फिरवून बघण्याआधी एकच प्रश्न विचारा: चालू कामात बंद पडतो, की हात काढून ठेवल्यावर? हवे तर त्या प्रश्नाचे पन्नास रुपये घ्या, मी आनंदाने दिले असते.

ड्रॉवरमधले दोन्ही माउस परवा बाहेर काढले. एक लावून पाहिला, टुणटुणीत निघाला. तो शेजारच्या मुलीला दिला. दुसराही चांगलाच असणार, पण त्याचा डोंगल मी रागाच्या भरात कुठेतरी भिरकावला होता. तो अजून सापडलेला नाही.

आपली,
एक डीटीपीवाली वाचक, सांगली