दोराच्या अलीकडून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. इतके महिने पत्र नाही, याबद्दल तू जे बोलशील ते ऐकून घ्यायची तयारी आहे. प्रकृती ठीक, गुडघा कुरकुरतो, पण चालतो. लिहायला बसलो ते एका ऐतिहासिक घरामुळे. तुझ्याशिवाय कोणाला सांगितले, तर "पण कुत्र्यासकट आत सोडले ना?" एवढ्यावर विषय संपेल.

सोडले, आणि आदराने सोडले. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार दारावरच्या माणसाला दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. या गृहस्थांनी दोन्ही सोडून बाईसाहेबांचे, म्हणजे मला आंधळ्याला वाट दाखवणाऱ्या माझ्या कुत्रीचे, वय विचारले, पाण्याचे भांडे पुढे केले आणि पुढचे सगळे संभाषण तिच्याशीच केले.

दालनांचे पडदे ओढलेले होते. जुने कापड आणि जलरंग उजेडाने विटतात, म्हणून तिथे प्रकाश ५० लक्सच्या आसपासच ठेवतात. "जरा अंधार आहे, माफ करा," असे माहिती सांगणाऱ्या बाईंनी नेमके मला सांगितले. मी उदार मनाने माफ केले. दादा बरोबर असता तर हसू न आवरल्यामुळे त्याला बाहेर न्यावे लागले असते.

आता मुख्य गोष्ट. बाईसाहेबांनी आपले काम इतके चोख केले की ते घर माझ्या हाताला लागलेच नाही. मेजांचे कोपरे, दोराचे खांब, मध्येच थबकलेली माणसे, हे सारे टाळून तिने मला एका दारातून दुसऱ्या दारात नेले. वाटेत काय होते हे तर कळले नाहीच, काही होते एवढेही कळले नाही. रस्त्यावर याच गुणासाठी मी तिचा ऋणी असतो, पण इथे जे पाहायला गेलो तेच चुकवले जात होते. काठी आधी आपटते आणि मग सांगते, की इथे चौकट आहे, इथे फरशी संपून गालिचा सुरू झाला. बाईसाहेब सांगतात त्या फक्त पायऱ्या, कारण मी पायाने कडा चाचपून खूण करेपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत. त्यामुळे त्या घरातले मला नीट ठाऊक आहेत ते जिने: मधोमध झिजून खोलगट झालेला दगड, वळणावर आतल्या बाजूला निमुळती होत गेलेली पायरी, आणि वरून तिसरी, जी बाकीच्यांपेक्षा उंच आहे.

तू हसतो आहेस, मला ठाऊक आहे. थांब. वाटाड्या कुत्र्यांची जर्मनीतल्या ओल्डेनबर्गची १९१६ ची शाळा युद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी होती, म्हणून "ही लष्करी शिस्त आपल्याला कशाला" असे तू म्हणाला होतास. आणि तुझ्या लांब काठीचे तंत्रही रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या तशाच सैनिकांसाठी बसवले, हे मी ऐकवल्यावर तू अबोला धरला होतास. कुत्रा की काठी, त्या वादात मी आजही तसूभर हटत नाही. रहदारीत मला बाईसाहेबच हव्यात.

मूळ वस्तूंना हात लावू देत नाहीत, याची तक्रार नाही; हाताच्या घामातले क्षार आणि तेल मुलाम्याला आणि धातूला खातात, हे मान्य. त्यांनी स्पर्शासाठी नमुन्यांचा एक ट्रेही दिला, त्यात कोरीव लाकडाचा तुकडा उत्तम होता. पण खिडकीपासून पलंग किती लांब, छत किती उंच, हे ट्रेमध्ये कसे मावणार?

म्हणून पुन्हा जायचे आहे, काठी घेऊन. बाईसाहेबांना घरी ठेवून जाणे मनाला पटत नाही. हार्नेसची मूठ सोडून तिला नुसत्या पट्ट्यावर डावीकडे ठेवता येईल, म्हणजे ती सुट्टीवर. पण चिनी मातीच्या भांड्यांशेजारी माझी काठी फिरताना ऐकून तिला सुट्टी भोगता येईल का? आणि पहारेकऱ्यांचे काय? कुत्र्याला तिथे कोणी अडवले नाही. काठीला अडवतील, असे मला पक्के वाटते.

तेव्हा तू ये. गर्दी नसलेली वेळ मी लेखी मागून घेतो, दोन्ही काठ्यांच्या टोकांना मऊ बोंडे बसवू. तू पुढे चाल आणि काय लागते ते मोठ्याने सांग. भांडायची वेळ आली तर तेही तुलाच जमते.

तुझ्या बदलीचे काय झाले? मुलीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार सांग, आणि तारीख त्यांनाच ठरवू दे, तुझ्यावर सोडले तर वर्ष जाईल.

तुझाच,
बाईसाहेबांचा मालक (कागदोपत्री)