कबुलीजबाबावर उभा केलेला तपास

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जनसुरक्षा विधेयकाच्या निमित्ताने झालेल्या चर्चेत एक वाक्य वारंवार ऐकू आले, की आरोपीच्या हक्कांचा आग्रह धरणाऱ्यांना स्फोटात मेलेल्यांची आठवण राहत नाही. नांदेडच्या न्यायालयात तीस वर्षे फौजदारी वकिली केल्यावर माझा अनुभव नेमका उलट आहे.

आमच्या शहरातील पाटबंधारेनगरात एप्रिल २००६ मध्ये एका घरात स्फोट होऊन दोघे ठार झाले. त्या खटल्याचा निकाल लागायला जानेवारी २०२५ उजाडला आणि हयात असलेले सर्व आरोपी निर्दोष सुटले. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी झालेल्या स्फोटांत आधी नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली; पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच लोकांवर आरोप ठेवले आणि २०१६ मध्ये आधीच्यांना आरोपमुक्त करण्यात आले. मुंबईच्या लोकलगाड्यांतील ११ जुलै २००६ च्या स्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. त्यात विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे म्हटले आहे, पण कबुलीजबाबांबद्दल उच्च न्यायालयाने नोंदवलेले आक्षेप प्रत्येक तपास अधिकाऱ्याने वाचावेत असे आहेत. या खटल्यांतील आरोपी एकाच धर्माचे नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो.

पोलिसांसमोर दिलेली कबुली साधारण कायद्यात पुरावा ठरत नाही. मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी राज्य कायद्याखाली मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली जाते. एकदा ही सोय हाती आली, की पंचनामा ढिला राहतो, जप्त मालाच्या सीलकडे दुर्लक्ष होते, ओळख परेड महिनोन्महिने लांबते, आणि मग वरच्या न्यायालयात सगळा डोलारा कोसळतो. तोवर खरा गुन्हेगार कुठच्या कुठे गेलेला असतो आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्या हाती काहीच लागत नाही. मारहाण करून मिळवलेल्या कबुलीने आरोपीचे नुकसान होते तसेच त्यांचेही होते. याउलट, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत सापडलेल्या कसाबला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील करता आले, आणि तरीही चार वर्षांच्या आत शिक्षेची अंमलबजावणी झाली, कारण पुरावा पक्का होता.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली होती. मुलाला ‘चौकशीसाठी’ नेऊन तीन दिवस झाले होते आणि स्टेशन डायरीत त्याची नोंद नव्हती. तिने प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे बारावीचे हॉल तिकीट आणले होते आणि पुन्हा पुन्हा ते माझ्यापुढे सरकवत होती, जणू ते पाहिल्यावर कोणीतरी त्याला सोडील. चौथ्या दिवशी तो गुन्हा दाखल न होता घरी आला. त्याची परीक्षा बुडाली, आणि त्या गल्लीतून पोलिसांना पुढे कोणी माहिती दिली असेल असे मला वाटत नाही. दहशतवादाच्या तपासात लोकांकडून येणारी खबर किती मोलाची असते, हे पोलिसांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मराठवाड्याने निजामाच्या राजवटीत रझाकार या सशस्त्र संघटनेचे अत्याचार सोसले. त्यांचा बंदोबस्त करणे आवश्यकच होते. परंतु १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावर भारत सरकारने केलेल्या पोलीस कारवाईनंतर त्यांच्या कृत्यांची किंमत ज्यांचा संबंध नव्हता अशा असंख्य मुस्लिम कुटुंबांनी मोजली. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे नोंदवली आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिले होते.

चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे आणि अटकेची कारणे लेखी देणे, हे नियम यूएपीए या दहशतवादविरोधी केंद्रीय कायद्याखालील आरोपींनाही लागू आहेत. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवा आणि त्याचे चित्रण किमान वर्षभर जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. नवे कायदे करण्याआधी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत या आदेशाचे पालन कितपत झाले, हे सरकारने ठाणेनिहाय जाहीर करावे, ही माझी विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वकील, नांदेड