बोनलेस घेताय? मग हाडेही मागून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी सूपांवर लेख होता. चिकन सूपही होते, पण त्यात चव विकतच्या क्यूबची आणि दाटपणा कॉर्नफ्लोअरचा. वाचून वाईट वाटले. सूप जिच्या नावाचे, तिची हाडे आपण दुकानातच सोडून येतो.

लातुरात औसा रोडला माझी मेस आहे. क्लाससाठी नांदेड, बीड, हिंगोलीहून आलेली लेकरं जेवतात. हल्ली सगळ्यांना बोनलेस लागते. दुकानदार मांस सोडवून देतो आणि पाठ, मान, छातीचा सांगाडा टोपल्यात टाकतो. मी तो मागून घेते, थोड्या पैशांत मिळतो. पंजेही घेते. पंजे बघून लोक नाक मुरडतात, पण नखे छाटून, वरची साल काढून टाकले तर सुपाला खरा चिकटपणा त्यांच्यामुळेच येतो. घरी शिजलेल्या कोंबडीची हाडेही चालतात, मात्र वाढण्याआधी काढलेली. उष्टी मी घेत नाही.

किलोभर हाडांना अडीच लिटर पाणी, तेही थंड. सावकाश तापले की मळी वर येते, ती पळीने काढत राहायची. मग सालासकट कांदा, ठेचलेला लसूण, आले, मिरे, कोथिंबिरीच्या काड्या. आच मंद, पाणी नुसते हलले पाहिजे. खदखदा उकळले की चरबी पाण्यात मिसळते आणि सूप गढूळ होते. दोन-अडीच तास तरी लागतात. गॅस परवडत नसेल तर कुकरमध्ये शिट्टीनंतर बारीक आचेवर पाऊण तास. मीठ शेवटी, कारण पाणी आटते. दाट हवे असेल तर चमचाभर ज्वारीचे पीठ भाजून लावा. आपल्याकडे मटणाचे अळणी पाणी लेकरांना आधी काढून देतातच, ही त्याच रीतीतली गोष्ट. फ्रीजमध्ये ते थलथलीत झाले तर नासले समजून ओतू नका. कातडी आणि कुर्च्यातले, म्हणजे सांध्यांवरच्या मऊ हाडातले, कोलाजेन हे प्रथिन शिजून त्याचे जिलेटिन होते, म्हणून ते थिजते.

तापातून उठलेल्या लेकराला भाकरी नको वाटते तेव्हा हे वाटीभर जाते, म्हणून मी करते. हाडांतले कॅल्शियम सुपात उतरून गुडघे बरे होतात, असे मात्र कुणी सांगू नये. फार थोडे उतरते. त्यासाठी दूध-दही, तीळ आहेत.

आपल्या उन्हात पातेले ओट्यावर ठेवून झोपू नका. गाळून, गार पाण्याच्या परातीत ठेवून निववा, तासाभरात फ्रीजमध्ये टाका. तीन दिवसांत संपवा आणि दर वेळी खळखळून उकळी आणा. 2025 च्या जानेवारीत उदगीरला बर्ड फ्लूने कावळे मेले, तेव्हा लेकरं सूप प्यायला भ्यायली होती. इतका वेळ शिजलेल्यात तो विषाणू टिकत नाही. जपायचे ते कच्ची हाडे हाताळताना. ती धो धो नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. नंतर हात, सुरी, पाट साबणाने धुवा.

आणि गाळून उरलेली हाडे कुत्र्यांना घालू नका. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार किरचा घशात-आतड्यात रुततात. कागदात गुंडाळून घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात द्या.

– एक मेसचालक, लातूर